प्रयागबाईचा अजगर जेवत नाही

पोलादपूरच्या वरच्या वाडीत प्रयागबाईच्या दारातून उपाशी गेलेला माणूस सापडायचा नाही. विजेचा मीटर बघायला आलेल्यालाही ती पिठलं-भाकरी घालूनच सोडायची. म्हणून तिचा मुंबईकर मुलगा प्रवीण कंपनीच्या कामाने दोन महिने दुबईला निघाला, तेव्हा आपला पाळीव अजगर त्याने बिनघोर तिच्याकडे आणून ठेवला. दोन हात लांब, परदेशी जातीचा, सरकारदरबारी नोंदवलेला. काचेच्या पेटीत वेटोळं घालून पडून राहायचा.

"आये, याला आठवड्यातून एक उंदीर. गोठवलेले आणलेत, फ्रिजमध्ये ठेव."

"दुधाशेजारी उंदीर? मी माळकरी बाय हाय." तिने डबा परत गाडीत ठेवायला लावला. "तू जा निवांत. त्याच्या पोटाचं मी बघते."

पहिल्या दिवशी तिने वाटीभर दूध ठेवलं. मग दूधभात, मग नाचणीची कुस्करलेली भाकरी, मग शेजारून आणलेलं उकडलेलं अंडं. अजगराने ढुंकून पाहिलं नाही. शेजारची तुळसा म्हणाली, "अगो, मुंबईचा हाय तो. पाव दे." पावही झाला. शेवटी प्रयागबाईने तुळसाकडून भाजलेला सुका बोंबील आणला, तर अजगराने तोंडच फिरवलं. तिला ते फार लागलं. दिवसातून दहादा झाकण उघडून ती विनवायची, "खा रे बाबा. काय आवडतं ते तरी सांग."

असे तीन आठवडे गेले. तिचंही अन्नावरचं मन उडालं. मग अजगर उशीच्या अभ्र्यात, अभ्रा पिशवीत, असं करून तिने महाडची एसटी धरली.

"पिशवीत काय, मावशी?" कंडक्टरने विचारलं.

"घरातला आजारी हाय."

पिशवी हलली. कंडक्टर तिकीट देऊन जो मागे गेला तो महाड येईपर्यंत पुढे आला नाही.

जनावरांच्या डॉक्टर प्रियदर्शिनी यांनी अजगर तपासला आणि त्याचा आहार विचारला. यादी ऐकून त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"आजी, दूध हे सापाचं अन्नच नाही. भात, भाकरी, पाव तर नाहीच, आणि ही जात अंडंही खात नाही. याला अख्खा उंदीर लागतो, त्याच्या अंगाच्या जाडीएवढा. शेतातला देऊ नका, त्याने विष खाल्लेलं असतं."

"सदा उंदीरच? जीव विटेल त्याचा."

"अधूनमधून लावा पक्ष्याचं पिल्लू द्या. पण आठवड्यातून एकदाच."

"एकदाच?" प्रयागबाईचे डोळे भरून आले.

"आणि सारखं झाकण उघडू नका. घाबरलाय तो. नव्या जागेत शांतता लागते."

डॉक्टरांनीच पुण्याहून गोठवलेले उंदीर मागवून दिले. ते तुळसाच्या फ्रिजात, बोंबलांच्या वर बसले.

"तू माळकरी ना गो?" तुळसाने विचारलं.

"मी हाय. तो नाय."

चार दिवस प्रयागबाईने पेटीकडे पाहिलं नाही. पाचव्या दिवशी कोमट पाण्यात उंदीर उबदार केला, चिमट्यात धरला आणि डोळे मिटून पांडुरंगाचं नाव घेतलं. चिमट्याला झटका बसला. डोळे उघडले तेव्हा उंदराची नुसती शेपटी बाहेर होती. ती ओट्यावर येऊन बसली आणि कितीतरी वेळ आपल्याशीच हसत राहिली.

प्रवीण परतला तेव्हा अजगर चांगला भरला होता. तो त्याला मुंबईला घेऊन गेला. आता दर शुक्रवारी प्रयागबाईचा फोन जातो. अजगर जेवला का, हे ती आधी विचारते, प्रवीणचं मागाहून.