वाजणारा बर्फ

बर्फभाऊ बर्फ कानानं तपासायचे. आरोग्य केंद्राच्या फ्रीजरमधून काढलेले चार आइसपॅक टेबलावर मांडायचे, त्यांना घाम फुटेपर्यंत शेजारी बसून राहायचे आणि मग नारळ हलवावा तसा एकेक पॅक कानाशी हलवायचे. आतल्या पाण्यात बर्फाचा खडा वाजला, की पॅक लसीच्या निळ्या पेटीत. नाही वाजला, तर पुन्हा टेबलावर. बाहेर शेहेचाळीस अंश ऊन आणि हा माणूस बर्फ वितळायची वाट बघतोय! संघटनेची पत्रकं वाटायला मी त्यांच्यासोबत गावोगाव जायचो; पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा चिडलोच.

"गार आहे तोवर निघा ना भाऊ!"

"लई गारबी नाई चालत, बाबू. फ्रीजरचा बर्फ शून्याच्याबी खाली असते. तसाच घातला तं लस गोठते. अन् गोठली का मेली."

स्थायू, द्रव, वायू हे मी शाळेत पाठ केलं. समजलं ते या सातवी शिकलेल्या माणसाकडून. "बर्फ अन् पाणी संगं हायेत, तोवर उनाची सारी ताकद बर्फ वितळवण्यातच जाते," ते सांगायचे. "पाणी शून्यावरच राह्यते. शेवटचा खडा विरला, का मंग ऊन लसीवर येते."

एकदा वाटेत मोटरसायकल बंद पडली. पोचेपर्यंत चारही पॅक मुके झाले होते. बाया सकाळपासून पोरं घेऊन बसलेल्या. सोबतचे आरोग्य खात्याचे साहेब म्हणाले, "टोचून टाका. कुणाला कळतंय?"

"कळत नाई, म्हणूनच नाई टोचाचं," भाऊ म्हणाले आणि पेटी बंद केली.

"मंग बलावता काऊन आमाले? तमाशा पाहाले?" एक बाई कडाडली. भाऊंनी मान खाली घातली. साहेब सावलीला सरकले. शिव्या नेहमी पेटी वाहणाऱ्यालाच बसतात.

मागच्या मे महिन्यात आम्ही त्याच गावाला निघालो होतो. एटापल्लीच्या पलीकडचं जंगल. नदीला पूल नाही, म्हणून मोटरसायकल अलीकडं ठेवायची, वाळू तुडवायची, पुढं तासभर चालायचं. माझ्या पिशवीत पुलाच्या मागणीची पत्रकं होती. अर्ध्या वाटेत भाऊ मोहाच्या झाडाखाली बसले. हात लावला तर अंग तव्यासारखं, आणि घामाचा थेंब नाही. फोनला रेंज नव्हती.

मी पेटी उघडायला गेलो. "एक पॅक डोक्यावर ठेवा."

त्यांनी माझं मनगट धरलं. "चाराचे तीन झाले तं पेटी नाई टिकत. मागच्या खेपेले बाया परत गेल्या. तू ने. खोलू नोको." मग हसले. "तुये ते पत्रकं ठेवून जा. हवा घेतो."

मी पत्रकं ठेवली आणि गेलो. जायला नको होतं.

गावात सिस्टर आधीच येऊन बसल्या होत्या. मी धापा टाकत सांगितलं. त्यांनी पॅक हलवला. वाजला. तोच त्यांनी माझ्या हातात कोंबला. "पेटी आता सावलीत आहे. तीनवर भागवते. पळा!"

दोन माणसं खाट घेऊन मागून निघाली. मी पॅक छातीशी धरून पळालो. आधी खडा वाजत होता, पावलागणिक. नंतर माझाच श्वास इतका मोठा झाला, की दुसरं काही ऐकू येईना.

भाऊ झाडाला टेकून होते, मांडीवर पत्रकं. मी पॅक कपाळावर ठेवला. त्यांनी सवयीनं तो ओढून घेतला आणि कानाशी हलवला.

"वाजत नाई, बाबू."

खाट नदीवर पोचण्याआधीच त्यांचा श्वास थांबला.

भरपाईच्या अर्जाला उत्तर आलं, की ते कर्मचारी नव्हते, फेरीगणिक पैसे मिळणारे मजूर होते. उष्माघात हा शब्द कागदावर आलाच नाही. पूलही आला नाही.

पेटी आता मी नेतो. पत्रक पुन्हा छापलंय, मागण्या त्याच. लसीच्या दिवशी बाया ते घेतात, दुमडतात आणि पेटी उघडेपर्यंत पोरांना त्यानं वारा घालतात.