रक्ताचं सूत

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायचं प्रॅक्टिकल होतं. स्वतःचंच बोट टोचायचं, वर आलेला थेंब केसासारख्या बारीक काचेच्या नळीत घ्यायचा आणि थोड्या थोड्या वेळाने नळीचा एकेक तुकडा मोडत जायचं. नुसतीच काच वेगळी झाली तर रक्त अजून पातळ आहे. माझे पहिले तुकडे तसेच मोडले. मग एक तुकडा मोडला तेव्हा दोन काचांच्या मध्ये एक तार दिसली. कोळ्याच्या जाळ्यातली असावी इतकी बारीक, लालसर. मी हात थोडे लांब केले तशी ती ताणली, पण तुटली नाही.

मॅडम मागे उभ्या होत्या. "जखम झाली की रक्त स्वतःच असे धागे विणतं आणि भोक बुजवतं," त्या म्हणाल्या. पुढच्या टेबलाकडे जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. जखम नसताना पायाच्या नसेत हेच धागे विणले गेले तर आत गुठळी होते, पाय सुजतो. तसा पाय कधी चोळू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस हाती लागत नाही.

परीक्षेला येण्यासारखं ते काही नव्हतं. माझं लक्षही त्या तारेकडेच होतं. घरी जाऊन सांगावं असं फार वाटलं, पण कसं सांगावं ते कळेना. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कॉलेजातलं काही सांगायला लागले की माझं मलाच वाटायचं, आपण मोठेपणा करतोय का. म्हणून गप्प बसले.

आम्ही बजाजनगरमध्ये एका खोलीत राहतो. आबा, म्हणजे माझे वडील, वाळूजच्या एका कंपनीत माल चढवायच्या कामाला आहेत. मी चौथीत असेपर्यंत ते मेंढ्या राखायचे. आता कळप पाचोडकडे चुलत्याकडे असतो. पण आबांचं मन तिकडंच. लोकर कातायची चाती त्यांनी गावाकडून आणून खोलीत खिळ्याला अडकवली आहे. लाकडाची आहे, हाताने गरगर फिरवायची आणि लोकरीचं सूत काढायचं. शहरात लोकर नाही, त्यामुळे ती नुसतीच लोंबते.

गेल्या हिवाळ्यात आबांचा डावा पाय सुजला. पोटरी टणक झाली, गरम लागायला लागली. चप्पल पायात जाईना तरी ते दोन पाळ्या काम करून आले. मायने मिठाच्या पाण्याने शेकलं. फरक पडेना म्हणून तिने आत्याला फोन केला.

आत्या आबांपेक्षा मोठी. पाचोडचा बाजार करून ती एसटीने आली ती पिशवीत तेलाची बाटली घेऊनच. माणूस असो की मेंढरू, लचकलेला पाय चोळावा तर आत्यानेच, असं आमच्या सगळ्या भावकीत मानतात. तिने आबांचा पाय मांडीवर घेतला, तळहातावर तेल ओतलं. तेव्हा मला प्रॅक्टिकलमधली ती तार आठवली.

"आत्या, चोळू नको," मी म्हणाले.

"काहून?"

"आत रक्त गोठलं असंल. चोळलं तर गुठळी सुटून छातीत जाती."

"कुणी सांगितलं?"

"मॅडमनी."

"तुझ्या मॅडमनी किती मेंढ्यांचे पाय चोळलेत?" आत्याने तेलाचा हात तसाच वर धरून विचारलं. "कालेजात जाऊन डाक्टरीण झालीस व्हय?"

मायने मला डोळ्यांनी गप्प केलं. मलाही वाटलं, आपलं चुकत असेल. मॅडमनी जाता जाता सांगितलेलं, मी नीट ऐकलं तरी का? पण तोंडातून शब्द निघून गेले होते आणि ते मागे घ्यायची मला भीती वाटली. मी आत्याचं मनगट धरलं. वडीलधाऱ्या माणसाचा हात मी असा कधी धरला नव्हता.

आबा माझ्याकडे बघत होते. "राहू दे अक्का," ते म्हणाले. "एवढं शिकायलीय पोरगी. एक दिवस तिचं ऐकू. उद्या दवाखान्यात काय नाय म्हणले तर मग दोघी मिळून चोळा."

"मंग ह्या तेलाचं काय करू?" असं म्हणून आत्याने ते तेल स्वतःच्या गुडघ्यांना लावलं आणि रात्रभर माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पायाची सोनोग्राफी झाली. मला आत उभं राहू दिलं. डॉक्टर बाईंनी उजव्या पायावर यंत्र ठेवून थोडं दाबलं. पडद्यावर नस काळ्या गोल ठिपक्यासारखी दिसत होती, ती दाबल्याबरोबर मिटली. सोडल्यावर उघडली. मग डावा पाय. दाबलं, नस मिटली नाही. त्यांनी आणखी वर जाऊन दाबलं. तिथंही मिटली नाही. नस भरलेली होती. माझ्या नळीतली तार इतकी बारीक होती आणि इथं तिनं मांडीपर्यंतची वाट भरून टाकली होती.

"घरी चोळलं नाही ना?" बाहेर येऊन डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना विचारलं.

"न्हाई," आत्या माझ्या आधी म्हणाली. "आमच्यात कुणी चोळत नाय."

त्या दिवसापासून पोटाला सुया सुरू झाल्या. असलेली गुठळी वाढू नये आणि नवी होऊ नये म्हणून. पण डॉक्टरांचं समाधान होईना. पायाला मार लागला होता का? नाही. बरेच दिवस अंथरुणाला पडून होते का? आबा हसले, त्यांना अंथरूण रात्रीपुरतंच माहीत. लांबचा प्रवास? नाही. मग त्यांनी जेवणाचं विचारलं. माय म्हणाली, भाकरी निम्म्यावर आली आहे. वजन? वजन कुणी केलं नव्हतं, पण आबांनी पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवीन भोक दाखवलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कधीकधी रक्त पायात गोठतं, पण कारण पायात नसतं," त्या म्हणाल्या. "आपण पोटाचा स्कॅन करू."

कारण मोठ्या आतड्यात निघालं. कॅन्सरची गाठ. दुखत नव्हती, काही नव्हतं.

त्यानंतर मी कॉलेजच्या लायब्ररीत बसून समजेल तेवढं वाचलं. निम्मं समजलं नाही. जे समजलं ते असं. जखम झाली की शरीर रक्ताला जे सांगतं, तेच ती गाठ सांगत राहते. रक्ताला खरं-खोटं कळत नाही. ते इमानदारीने धागे विणत बसतं. आबांच्या रक्ताने काही चूक केली नव्हती. त्याला मिळालेला हुकूम ते पाळत होतं.

हे आबांना कसं सांगायचं याचा मी दोन-तीन दिवस विचार केला. शेवटी तोडकंमोडकं सांगितलं. ते ऐकून घेत होते.

"मेंढरं पुलावर अशीच करत्यात," ते म्हणाले. "पुढची एक बुजली की थांबती. मागच्या सगळ्या येऊन तिला चिकटत्यात. मंग पूल बंद. पुढं बघावं तर काहीच नसतंय."

"तसंच, आबा."

"म्हंजी मधी बसून कुणीतरी खोटंच बुजवायलंय."

"व्हय."

"आन् पायानं चुगली केली." त्यांनी सुजलेल्या पायावरून हात फिरवला, फिरवला म्हणजे नुसता टेकवला, चोळायचं नाही हे आता घरात सगळ्यांना पाठ होतं. चुगलीचं डॉक्टरांचंही तेच म्हणणं होतं. पाय सुजला नसता तर ती गाठ एवढ्यात सापडली नसती.

सुई द्यायला सिस्टरने मला शिकवलं. पोटाला चिमटा धरायचा, सरळ टोचायचं, सावकाश सोडायचं आणि नंतर तिथंही चोळायचं नाही. पहिल्या दिवशी मी चिमटा धरला, सोडला, परत धरला. आबा म्हणाले, "मेंढीला लस टोचतानी बघितलंस की. मी तर लाथ बी मारत नाय."

एकदा त्यांनी विचारलं, "ह्यात असतंय काय?"

मला माहीत होतं. वाचलं होतं. सांगावं की नाही कळेना, कारण मायला शिवाशिवीचं फार. पण आबांना मी खोटं सांगू शकत नाही. मी म्हणाले, "डुकराच्या आतड्याला आतून जे अस्तर असतं, त्याच्यापासून बनवतात."

मायने पदर तोंडाला लावला. आबा मात्र विचारात पडले. "मेंढीच्या आतड्यात बी असल मंग?"

"असतं."

"आपण वजडी धुताना चुना लावून खरवडून काढतो, ते बुळबुळीत?"

"त्याच्यातच, आबा."

ते रिकाम्या सुईकडे बघत राहिले. "आन् आपण ते कुत्र्याला टाकायचो," ते म्हणाले. मग मायकडे वळून, "पदर सोड आता. तू आयुष्यभर खरवडून फेकलंस, ते आज माझ्या पोटात चाललंय."

ऑपरेशनच्या आधी सुई थांबवली. आता रक्ताने गोठायलाच हवं होतं, नाहीतर कापलेलं थांबणार नाही. ऑपरेशन नीट झालं आणि काही वेळाने सुई पुन्हा सुरू केली, कारण आता पायात गोठायला नको होतं. बाहेरच्या बाकावर बसून मी विचार करत होते. एकाच माणसाचं एकच रक्त. पोटात त्याने थांबावं, पायात वाहावं, आणि हे दोन्ही जमवायला आत डॉक्टर घड्याळ बघत उभे आहेत. आत्या शेजारी बसली होती. तिला काही सांगायला गेले तर म्हणाली, "मला नगं सांगू. तू ध्यानात ठेव, म्हंजी झालं."

आबा घरी आले. टाके सुकले, पायाची सूज उतरली. आणि मग एका सकाळी मी सुई घेऊन गेले तर त्यांनी सदरा वर केला नाही.

"पुरं आता," ते म्हणाले. "गाठ काढली. पाय बघ, काडीवानी झालाय. सगळं पोट निळं करून ठेवलंस."

"डॉक्टरांनी अजून काही महिने सांगितलीय. कॅन्सरची औषधं बी चालू व्हायचीत. रक्त पुन्हा गोठू शकतं."

"माझं मला कळतंय. मेंढ्यांची कातरणी आलीय, मी गावाकडं चाललो. तिथं कोण सुया टोचणार?"

मी बोलून बघितलं. माय बोलली. आत्याला फोन लावला, ती फोनवर ओरडली. आबा ऐकणारे नव्हते. शिकलेलं सगळं माझ्या डोक्यात होतं, पण ते बाहेर काढताना माझे शब्द अपुरे पडत होते. पूल, मेंढ्या, सगळं सांगून झालं होतं. त्यांचा पाय चांगला दिसत होता आणि डोळ्यांना दिसतंय त्यावर माणूस विश्वास ठेवतो.

मग मी मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं. आधी कधी मी त्यांच्याशी प्रश्न सोडून दुसरं बोलले नव्हते. त्यांनी कपाटातून दोन-तीन नळ्या आणि टोचायची सुई कागदात गुंडाळून दिली.

दुपारी आबा दारातल्या उजेडात बसले होते. कातरणीची कात्री दगडावर घासत होते. मी समोर बसले, स्पिरिटने बोट पुसलं आणि टोचलं.

"हे काय करायलीस?"

"बघा तर."

थेंब नळीत चढला. मी थांबले. एक तुकडा मोडला, काही नाही. दुसरा, काही नाही. आबांनी कात्री बाजूला ठेवली. आणखी एक मोडला आणि तार आली. मी दोन्ही तुकडे दाराच्या उजेडात धरले आणि हळूच लांब केले.

आबा इतके खाली वाकले की त्यांचा श्वास माझ्या बोटांना लागला. ती तार हलली. कितीतरी वर्षं ज्याने लोकरीतून सूत काढलं त्या माणसाच्या डोळ्यांना ती दाखवावी लागली नाही.

"सूत हाय," ते म्हणाले.

"व्हय."

"हे कोण काततंय?"

"कुणी नाय. रक्तच."

त्यांनी खिळ्याला लोंबणाऱ्या चातीकडे बघितलं, परत माझ्या हातांकडे. मी हात खाली केले नाहीत. तार उजेडात तशीच होती.

"सगळ्यांच्यात?"

"सगळ्यांच्यात. गरज पडली की. तुमच्यात गरज नसताना काततंय. अजून थांबलं नाय, आबा. ते आत चालू असलं तरी बाहेरून दिसत नाय."

ते आणखी जवळ सरकले. तेवढ्यात तार तुटली. मी काचा कागदात ठेवल्या.

आबांनी कात्री परत उचलली, धार बोटाने पाहायला गेले आणि बोट मागे घेतलं. मग ती भिंतीकडे सरकवून ठेवली.

"रविवारी कातरणी हाय," ते म्हणाले. "कॉलेज बुडत नाय ना तुझं?"

"रविवारी सुट्टीच असती."

"मंग तू बी चल. सुया घेऊन." आणि त्यांनी सदरा वर केला. "आजची राहिलीय की. टोच, पण सावकाश."