जेवून गेलेल्यांची ताटं

दमून आलेल्या बायकांनी पटकन काय रांधावं, याचे व्हिडिओ मी मोबाइलवर खूप बघितले. त्यातली बाई हसत सांगते, दहा मिनिटांत होतं, आणि मग तीन रंगांच्या ढोबळ्या मिरच्या चिरायला घेते. जिला ढोबळी मिरची चिरायचा उरक आहे ती बाई दमलेली नाही, एवढं मला कळतं. मी ऑफिसातून कसबा बावड्याच्या घरी येते तेव्हा चपला काढतानासुद्धा भिंतीला हात टेकावा लागतो. अशा दिवशी आमच्याकडे कुकर. तांदूळ, मुगाची डाळ, हळद, मीठ, चमचाभर कांदा-लसूण चटणी, झालं. तेही जिवावर आलं तर विकतची भाकरी ताकात कुस्करायची आणि वर शेंगदाण्याची चटणी टाकायची. कुणी नावं ठेवायला घरात तिसरं माणूस नाही. आई आणि मी, दोघीच.

पण काय शिजवायचं हा माझा खरा घोर नव्हताच. आई जेवत नव्हती, हा होता.

आईचं विसरणं सुरू होऊन आता बराच काळ झालाय. गावाकडचं घर बंद करून तिला इकडे आणलं तेव्हा मी तिला ओळखू येत होते. नंतर मी कधी लेक असायची, कधी शेजारीण, कधी दवाखान्यातली बाई. ते मी सोसलं. वाईट वाटायचं ते वाटून झालं. पण सगळं विसरलेली ही बाई एक गोष्ट विसरायला तयार नव्हती. आमच्या घरी आधी गडी माणसं जेवायची, मग पोरं, आणि सगळ्यांची ताटं उचलल्यावर जे उरेल ते घेऊन आई बसायची. जन्मभर तसंच. आता मी ताट पुढं केलं की ती मागं सारायची.

“तुमी घ्या जेवून. मी मागनं खातो,” म्हणायची. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच ‘खातो, जातो’ बोलतात.

“आई, सगळी जेवली.”

“कवा? ह्ये अजून मळ्यातनं आल्यालं न्हाईत.”

‘ह्ये’ म्हणजे माझे वडील, आबा. ते वारले त्याला बरीच वर्षं झाली. चुलतेही त्यांच्या मागोमाग गेले. भाऊ पुण्यात असतो आणि फोनवरून मला प्रोटीनबद्दल सांगतो. आईच्या लेखी मात्र तिघंही मळ्यात होते आणि आज त्यांना जरा उशीर झाला होता, एवढंच. वडील गेले, हे मी तिला एकदा सांगून बघितलं. ते त्याच दिवशी गेल्यासारखी ती ऊर बडवून रडली आणि जेवली तर नाहीच. पुन्हा तसलं धाडस मी केलं नाही.

दिवसा शेजारच्या काकू तिच्याकडे बघतात. त्यांच्या हातून चहात बुडवलेली खारी तेवढी पोटात जायची. आईच्या झंपरच्या बाह्या दंडावर लोंबायला लागल्या. डॉक्टरांनी तिला वजनकाट्यावर उभं केलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि आई ती नळी उपसून काढणार, सलाईनची सुई तिनं कशी उपटली होती ते त्यांनी बघितलं होतं, म्हणून हात पलंगाला बांधावे लागतील. मी मान डोलावली. घरी येताना रिक्षात आई माझा हात धरून बसली होती. तेच हात बांधायचे म्हणत होते.

मी सगळं करून पाहिलं. दटावलं, विनवलं, एकदा तर जोरात ओरडले. हात टेकले माझे.

मग एके संध्याकाळी मी इतकी गळून आले की सकाळची ताटंही मोरीत तशीच पडून होती. माझं एक, काकूंचा नातू थालीपीठ खाऊन गेलेला त्याचं एक, आणि कसलं तरी तिसरं. आई भिंत धरत आली, मोरीत डोकावली आणि म्हणाली, “जेवली व्हय समदी? मग आण माझं.” आणि खाली बसून तिनं वाटीभर दहीभात खाल्ला. मी ओट्याला टेकून बघत राहिले. हसावं की रडावं कळेना.

तेव्हापासून माझा स्वयंपाक असा असतो: कुकर लावायचा, आणि तो निवेपर्यंत तीन ताटं खरकटी करायची. आमटीचा चमचा फिरवायचा, चार शितं पसरायची, भाकरीचा तुकडा टाकायचा. सोपं जेवण म्हणतात ते हे. शिजवायला एक भांडं आणि घासायला चार.

पहिल्या आठवड्यातच मी फसले. आई मोरीत वाकून बघत होती. “ह्ये ताट कुणाचं?”

“आबांचं,” मी म्हणाले.

“न्हाय. त्येंनी कवा शीत टाकलं न्हाय ताटात. जेवलीच न्हाईत ती.” आणि भिंतीकडं तोंड करून बसली. त्या दिवशी ती उपाशी झोपली, आणि चूक तिची नव्हती. वडील खरंच ताट पुसून खायचे आणि मग त्यातच हात धुवायचे. मी त्यांची पोरगी असून विसरले आणि ती विसरली नव्हती.

मग मी नीट करायला लागले. वडिलांचं ताट निपटून, त्यात पाणी. चुलत्यांच्या ताटाच्या कडेला तळलेली मिरची अर्धी चावलेली. भावाच्या ताटात वेचून काढलेला कढीपत्ता. दमलेल्या अंगानं मेलेल्या माणसांची उष्टी मांडत मी स्वयंपाकघरात उभी असायची, आणि स्वतःचाच राग यायचा, देवाचा यायचा, पुण्याच्या भावाचा तर फारच. पण आई जेवत होती. वजनकाटा थोडा का होईना, वर सरकला होता.

परवाही तसंच केलं. अंगात कणकण होती, म्हणून नुसती खिचडी. आईनं ताटं बघितली, खाली बसली, घास उचलला आणि थांबली.

“पोरगी कुठं हाय?”

“कुठली?”

“माझी लेक. हापिसात जातीया. लई दमून येतीया. तिला ठिवलंय न्हवं?”

मी तिच्या पुढ्यात फरशीवर बसले होते. म्हणाले, “आई, मीच की. आले बघ.”

तिनं माझ्याकडं बघितलं, समोरच्याला वाईट वाटू नये अशा बेतानं. “तुमी जेवा की पावणं. लाजू नका. ती आली की मी तिच्यासंगं खातो.” आणि घास परत ताटात ठेवला.

मी उठले. पर्स खांद्याला लावली, चपला घातल्या, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि पुन्हा आत आले. “आई, आले गं.”

“या, बसा,” आई म्हणाली. “आमची पोरगी यील एवढ्यात.”

खिचडी निवत चालली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन चौथं ताट काढलं. बाकीच्यांचं मला पाठ होतं, पण माझं जेवून झालेलं ताट कसं दिसतं ते काही केल्या आठवेना. शेवटी थोडी खिचडी चोळली, लिंबाची पिळलेली फोड टाकली आणि मोरीत ठेवलं.

“ती आली होती,” मी आईला सांगितलं. “जेवली आणि झोपली.”

“पोटभर खाल्लं का?”

“हो. परत मागून घेतलं.”

आईनं ताट पुढं ओढलं. “मग भांडी हळू घासा,” ती म्हणाली. “झोपूदे तिला.”

ती खाऊ लागली. मी नळ बारीक सोडला आणि एकेक ताट आवाज न करता घासत राहिले.