लिमा लांब आहे

पेरूच्या जंगलातल्या इकितोस शहरातून बाहेर जाणारा रस्ता एकच. तोही नौता गावाशी, नदीकाठी संपतो. पलीकडे पाणी आणि जंगल. त्यामुळे ग्रिमाल्दो तुआनामाचा राजधानी लिमात राहणारा थोरला भाऊ आबनेर आईच्या मातीला आला नाही, तेव्हा कुणी काही बोललं नाही. "लिमा लांब आहे, पोचणं व्हायचं नाही," एवढाच त्याचा निरोप आला होता. ग्रिमाल्दो तोच निरोप शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत राहिला. वर स्वतःची भर घालायचा: आधी बोट, मग बस, मग डोंगर, आठवडा जातो. आबनेर तरुणपणी तसाच गेला होता.

ग्रिमाल्दो तीनचाकी रिक्षा चालवायचा, तीही विमानतळावर. वर्षानुवर्षं माणसं पोचवली, पण विमान किती वेळात उतरतं हे कुणाला विचारायचं कारण पडलं नव्हतं.

एका सकाळी ओर्फेलिंदा नावाच्या म्हाताऱ्या बाई मांडीवर टोपली घेऊन बसल्या. आत पानात बांधलेला कोंबडी-भात होता. वाफ येत होती.

"कुणाला?"

"मुलाला. लिमाला असतो."

"निवेल की, सेन्योरा."

"का निवेल? पावणेदोन तासांत उतरते मी."

ग्रिमाल्दोने रिक्षा कडेला घेतली. चाक तपासल्यासारखं केलं आणि पुन्हा बसला.

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. नेलिदा केळी तळत होती.

"म्हणजे माझ्या आईपेक्षा तुझा भाऊ जवळ," ती म्हणाली. "नौताला तिच्याकडे जायला आपल्याला याहून जास्त वेळ लागतो. शिवाय तुझी कंबर दुखते."

"तुला ठाऊक होतं?"

"अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. तू इतकं मन लावून सांगायचास, मध्ये कोण बोलणार?"

पुढच्याच महिन्यात ग्रिमाल्दो विमानात बसला. खाली नदी वळणं घेत राहिली, मग बर्फाचे डोंगर आले, मग ढग. ढगांखाली लिमा होतं. तिथल्या विमानतळावरून आबनेरच्या टेकडीवरच्या वस्तीत पोचायला विमानाहून जास्त वेळ लागला. दोन बस बदलल्या, दोन्हींत उभा होता.

आबनेरने दार उघडलं. केस पांढरे झाले होते.

"कशाने आलास?"

"विमानाने."

आबनेर बाजूला झाला. दोघं स्वयंपाकघरात बसले. आबनेर म्हणाला, "आईच्या मातीच्या दिवशी तिकीट काढलं होतं मी. विमानतळावर गेलोही. पण तिला न सांगता घर सोडलं होतं रे. दारात तुम्ही सगळे उभे असाल, ती आडवी असेल. कोणतं तोंड घेऊन यायचं? परत फिरलो."

ग्रिमाल्दोला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. पण तो पातळ सदऱ्यावर आला होता आणि लिमाच्या दमट गारठ्यात दात वाजत होते.

"स्वेटर दे," तो म्हणाला.

आबनेरने अंगातलाच काढून दिला. मग दोघं आईबद्दल बोलत बसले. ती मासे विकताना गिऱ्हाइकांना कशी दटावायची, यावर दोघांचं एकमत झालं. बाकी कशावरच झालं नाही.

पुढच्या वर्षी जूनमध्ये आबनेर इकितोसला आला. थडग्यापाशी बराच वेळ उभा राहिला. मग उकाड्याला, डासांना, नगरपालिकेला शिव्या दिल्या आणि थडग्याचा रंग चुकलाय म्हणाला. ग्रिमाल्दोने त्याच्या हातात डबा आणि ब्रश दिला. दुपारभर आबनेर उन्हात बसून रंगवत होता.