रानात नेलेला तराजू

तराजू दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे काटेकाका म्हणत. त्यांच्या हातून गेलेला काटा राईएवढाही झुकत नसे. पण तीन वर्षांपूर्वी उष्मांकांचा एक तक्ता त्यांच्या हाती पडला आणि दुकानातला एक तराजू घरी जेवणाच्या टेबलावर येऊन बसला. तेव्हापासून काकूंच्या ताटात वाटाणासुद्धा मोजल्याशिवाय पडत नसे.

"माणसाला दिवसाला लागतात दोन हजार उष्मांक," काका एकदा म्हणाले. "एवढे तर मी रानातही मिळवीन."

"मिळवा की!" काकू म्हणाल्या. " मिळाले तर हा तराजू टेबलावरच राहू दे, जन्मभर. नाही मिळाले तर दुसऱ्या दिवशी दुकानात."

"मोजलेलंच धरायचं हं!" ही अट काकांनी आपणहून घातली.

रविवारी उजाडताच दोघं रानात शिरली. काकांच्या पाठीवर तराजू, किलोचं लोखंडी वजन आणि ग्रॅमच्या वजनांची पेटी. काकू हात हलवत.

काका मूठभर रानफळं तोडून पारड्यात टाकत. वारा आला की पारडं डुलायचं. मग वारा पडेपर्यंत काका श्वास धरून उभे. तोवर काकूंनी ते झुडूप साफ करून पुढचं धरलेलं असे. दुपारपर्यंत काकांचे उष्मांक झाले एकशे बारा.

"आणि हे ओझं वाहण्यात गेले किती?"

"ते तक्त्यात नाही."

ओढा ओलांडताना काकांचा पाय घसरला. काका वाचले, ग्रॅमची पेटी वाहून गेली. उरलं एकटं किलोचं वजन.

संध्याकाळी दैव उघडलं. अक्रोडाचं झाड! किलोभर अक्रोडांचा गर खाल्ला की दोन हजार पुरे. काकांनी एका पारड्यात किलो ठेवून काटा सरळ होईपर्यंत दुसऱ्यात अक्रोड भरले, पण फोडायचे कशानं? झाडाखाली नुसता चिखल, दगड नावालाही नव्हता. काका भुकेनं पांढरेफटक पडले होते. काकूंनी वजन उचललं.

"अगं, त्यानं नको!"

ठक्क. ठक्क. ठक्क.

"खा. जिंकलात तुम्ही. राहू दे तो मेला टेबलावर, पण असे उपाशी पडू नका."

काकांनी वजन उजेडात धरलं. एका कोपऱ्याचा टवका उडाला होता.

"हे आता किलो राहिलं नाही."

"अहो, मघाशी तर होतं ना! आणि उडून उडून किती उडालं असेल? कणभर!"

"मघाशी होतं, हे आता दाखवू कशावरून? वजन खोटं, तर माप खोटं. मी हरलो." एवढं बोलून त्यांनी अक्रोडांवर झडप घातली आणि काकूंच्या वाट्याचेही संपवले.

सोमवारी तराजू दुकानात गेला. रात्री काकूंनी भाताचं पातेलं पुढे ओढून विचारलं, "किती वाढू?"

काका गोंधळले. हा प्रश्न त्यांना तीन वर्षांत कुणी विचारला नव्हता.

"वाढ तू. मी पुरे म्हणतो," ते म्हणाले आणि दोन्ही हातांनी ताट पुढे केलं.

पातेलं रिकामं झालं, तेव्हा काकूंनीच पुरे म्हटलं.