ब्रांडलची तांब्याची नळी

सोमवारी आकडा सोळा होता, मंगळवारी सतरा, आणि गुरुवारी ग्राहक कंपनीचा ऑडिटर माझ्या खांद्याशी उभा असताना मीटरने तेवीस दाखवले. तेवीस मिलिव्होल्ट. मी मोजत होतो त्या कनेक्टरची, म्हणजे वायरींच्या जोडाची, मर्यादा वीसची होती. ऑडिटरने तो आकडा शांतपणे वहीत लिहिला. जर्मनीत इतकी वर्षं काढल्यावर सांगतो, माणूस चिडून बोललेला परवडतो, शांतपणे लिहिलेला नाही.

मी रेगेन्सबर्गजवळच्या एका सप्लायर कंपनीत कॉन्टॅक्टची लॅब सांभाळतो. मोटारीत शेकडो ठिकाणी एक धातू दुसऱ्या धातूला टेकतो आणि करंट पुढे जातो. जिथे टेकतो तिथे तो थोडा अडतो, अडला की ती जागा तापते. किती अडतो ते मोजायचं, एवढंच माझं काम. कनेक्टर तांब्याच्या दोन जाड जबड्यांत स्क्रूने आवळायचा, दमट कपाटात ठेवायचा, मोठा करंट सोडायचा आणि वाटेत किती व्होल्टेज हरवतं ते बघायचं. त्यात जबड्यांचा वाटा ठरलेला असतो, तो वजा करायचा. लग्नकार्यात कोणी विचारलं तर मी 'ऑटोमोबाइलमध्ये आहे' म्हणतो आणि जिलबीकडे वळतो.

त्या दिवशी निदान जबडे तरी चमकत होते. ऑडिटरने तेवढ्यावर 'झाउबर', म्हणजे 'स्वच्छ', म्हणून मान हलवली होती. ती चमक माझी. आदल्या शुक्रवारी जबडे सोडवून पिशवीत घालून मी घरी नेले होते. वर्षानुवर्षं वापरून काळे पडलेले, पाहुण्यांपुढे ठेवायची लाज वाटत होती. लहानपणी सांगलीला सणाच्या आदल्या दिवशी देवाची भांडी घासायचं काम माझ्याकडे असे. चिंच भिजवायची, मीठ घालायचं आणि हात दुखेपर्यंत घासायचं. तेच केलं. सुलभा, माझी बायको, म्हणाली होती, "अहो, ऑफिसची भांडी आता घरी घासायला आणता का?" लॉगबुकात मी काहीच लिहिलं नाही. भांडी घासली याची नोंद कोण करतं?

ऑडिटर गेल्यावर आमचे खातेप्रमुख डॉक्टर लोमान यांनी मला बोलावलं. ते आवाज चढवत नाहीत. त्यांनी कारण आधीच शोधून ठेवलं होतं आणि ते कारण म्हणजे ब्रांडल.

ब्रांडल माझा टेक्निशियन. अठ्ठावन्न वर्षांचा, अस्सल इथल्या ओबरफाल्झ भागातला, बोलायला लागला की शब्द चघळून बाहेर काढणारा. तीस वर्षं सिगरेट ओढली, मग हृदयात स्टेंट बसला आणि डॉक्टरने सांगितलं, आता एक तर सिगरेट, नाही तर तू. चौदा महिने त्याने एकही ओढली नव्हती. त्याऐवजी त्याच्याकडे वाफ ओढायची एक तांब्याची नळी होती, मेकॅनिकल प्रकारातली. त्यात चिप नाही, स्क्रीन नाही. नळीत बॅटरी, खाली बटण, वर तापणारी तार. बटण दाबलं की करंट नळीच्या अंगातूनच वर जातो. बाहेरून ती आमच्या आजोळच्या बंबासारखी काळपट होती.

लोमान यांचं म्हणणं असं, की या वाफेत ग्लिसरीन असतं, ते कनेक्टरवर बसतं आणि आकडा चढतो. मागच्या हिवाळ्यात ब्रांडल लॅबच्या खिडकीशी नळी ओढताना एकदा सापडला होता. तेव्हा त्याला आबमानुंग मिळाली होती, म्हणजे फाइलीत जाणारी लेखी ताकीद. आता दुसरी तयार होत होती. दुसरी झाली की नोकरी टांगणीलाच. अठ्ठावन्नाव्या वर्षी, स्टेंट बसलेला टेक्निशियन दुसरीकडे कोण घेणार?

मी म्हटलं, तो आता आत ओढत नाही. लोमान म्हणाले, तुम्ही चोवीस तास बघता का? पुढच्याच्या पुढच्या सोमवारी पर्सोनालअप्टाइलुंगबरोबर, म्हणजे एचआरबरोबर, बैठक ठरली. तोपर्यंत ती नळी गेटच्या आत आणायची नाही, असा हुकूम निघाला.

मग जे झालं त्याला हसावं की रडावं कळेना. नळी गेटवरच्या कपाटात. गेट लॅबपासून सात मिनिटं लांब, आणि छोटी सुट्टी पंधरा मिनिटांची. पण आवारात सिगरेट ओढायला नियमाने बांधलेली एक काचेची टपरी होती, लॅबपासून पन्नास पावलांवर. वाफेला बंदी, धुराला परवानगी. कामाच्या तिसऱ्या दिवशी मी कॉफी घेऊन खिडकीशी गेलो आणि ब्रांडल मला त्या टपरीत दिसला. कोणाची तरी मागून घेतलेली सिगरेट होती. त्याने मला पाहिलं आणि पाठ फिरवली.

इकडे आकडा चढतच होता. सव्वीस, सत्तावीस. लोमान म्हणाले, थर आधीचाच आहे, कपाटात सगळीकडे बसलाय, तो लगेच कसा जाईल? मी कनेक्टर बदलले, वायरी बदलल्या, मीटर तपासून आणला. थकलो. घरी जेवताना मिलिव्होल्टच दिसायचे.

बैठकीच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी ब्रांडल म्हणाला, चला गेटपर्यंत, नळी साफ करायची आहे. शुक्रवारी ती उघडायचीच, हा त्याचा नेम. बाहेरच्या बाकावर मी डबा उघडला आणि त्याने रुमाल पसरला. बॅटरी काढली, तिचं आवरण फाटलेलं नाही ना ते फिरवून पाहिलं. बटण उलटं फिरवून सोडवलं. बटणाची स्प्रिंग, टेकणारी पिन, नळीचे आटे, सगळं वेगळं केलं. कापसाची काडी आयसोप्रोपेनॉलमध्ये बुडवून, म्हणजे पटकन उडून जाणाऱ्या स्पिरिटमध्ये, एकेक आटा पुसला. काडी काळी झाली की दुसरी. बाहेरच्या काळपट अंगाला त्याने हातही लावला नाही.

मी भाताचा घास घेत विचारलं, बाहेरून का नाही घासत? तांबं आहे, छान चमकेल.

"एकदा घासली होती," तो म्हणाला. "रोझीने लिंबू-मीठ लावलं, माझ्या बायकोने. सोन्यासारखी झाली. पाच दिवसांत बटणाला हात लावता येईना. आंबट आट्यांत जाऊन बसतं, हेर कदम. वरून पुसता येतं, आट्यांतून नाही. मीठ दमट होतं आणि तांबं खात बसतं. करंटला बाहेरची चमक नको असते. जिथे टेकतो, तिथे स्वच्छ हवं."

माझा घास तिथेच राहिला. कॉन्टॅक्ट या विषयात माझी उभी हयात गेली, आणि हे मला एक टेक्निशियन बाकावर बसून सांगत होता. मी डबा तसाच बंद केला, काम आठवलं म्हणालो आणि लॅबकडे निघालो.

जबड्याचा एक स्क्रू सोडवला. आट्यांत हिरवं होतं. दुसरा सोडवला, तिथे हिरव्यात पांढरे कणही. चिंच आणि मीठ. बाहेरून जबडा लखलखत होता, त्यात माझं तोंडही दिसत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणतात ना, तर तो चोर मला चांगला दिसत होता.

आता खरी गोम सांगतो. मी अर्ध्या तासात ते आटे साफ करू शकत होतो. आकडा सोळावर आला असता आणि कोणाला काही कळलं नसतं. फक्त एवढंच झालं असतं, की नळी गेटवर ठेवल्यावर आकडा उतरला, हे लोमानना आयतं सिद्ध करून मिळालं असतं. मला वाचवायचं तर ब्रांडलला बुडवायचं, इतकं सरळ होतं ते. आणि खोटं कशाला बोलू, शुक्रवार रात्र आणि शनिवार मी तसा विचार केला. जानेवारीत उपप्रमुखाची जागा मला मिळणार होती. मोजमापाची वस्तू मी नोंद न करता घरी नेली आणि घासली, हे कागदावर आलं की ती जागा गेली.

रविवारी सुलभाला सांगितलं.

"सांगून टाका," ती म्हणाली. "नाहीतर पुढची सगळी वर्षं त्या माणसाशेजारी बसून डबा खाल कसा?"

सोमवारी बैठकीच्या आधी मी जबडे तसेच, हिरव्या आट्यांसकट, लोमान यांच्या टेबलावर ठेवले.

"घरी का नेलेत?"

"काळे दिसत होते."

"तांबं काळंच पडतं, हेर कदम."

"आमच्याकडे पाहुणे येणार असले की घासतात."

लोमान पेन उघडून म्हणाले, "आल्झो. बरं तर, ग्राहकाला कारण काय कळवू?"

"चिंच," मी म्हणालो.

ब्रांडलची दुसरी ताकीद फाडली गेली, माझी लिहिली गेली. उपप्रमुखाची जागा स्टुटगार्टहून आलेल्या एकाला मिळाली, बरा माणूस आहे. जबडे आम्ही नवीन करून घेतले आणि आकडा पहिल्या दिवशी सोळा, महिनाभरानंतरही सोळा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तर अवलक्षण लख्ख घासून दाखवलं.

ब्रांडलला मीच सांगितलं, काचेच्या टपरीत जाऊन. त्याने ऐकलं, हातातल्या सिगरेटकडे पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे या सगळ्या मी उगाचच ओढल्या."

त्याला रागवायचा पूर्ण हक्क होता. तो रागावला नाही. मला ते जास्त लागलं. मी माफी मागितली, जर्मनमध्ये आणि मग नकळत मराठीतही.

त्या दुपारी गेटवरून नळी आणून मी ती स्वतः साफ केली. शुक्रवारी त्याने केलीच होती, तरी पुन्हा केली. स्प्रिंग, पिन, आटे, एकेक काडीने, स्पिरिटने, पूर्ण सुकू देऊन. बाहेरून हात लावला नाही. मग आमच्या मीटरवर मोजली. कॉन्टॅक्ट उत्तम होता, आमच्या कनेक्टरपेक्षा चांगला. ब्रांडलने नळी खिशात ठेवली, आभार मानले आणि टपरीकडे गेला. तोवर दिवसाला आठ सिगरेटी झाल्या होत्या.

जबडे घासायला मला एक तास लागला होता. ब्रांडलची सिगरेट पुन्हा सुटायला पुढचा उन्हाळा उजाडला, आणि तोपर्यंत रोझी मला भेटली की फक्त हवामानाबद्दल बोलायची. नवे जबडे आता पुन्हा काळे पडलेत. ऑडिटर आला की मी ते तसेच पुढे ठेवतो, शेजारी लॉगबुक उघडून.