पत्र्यातला मिस्त्री

कुणाच्याही घरी गेला की तो आधी भिंतीला तळहात लावायचा, मग वर छताकडं बघायचा आणि मगच बसायचा. "भिंत बघून बसावं सायब," म्हणायचा. आम्ही कारकून त्याला हसायचो. त्याच्या घरात काय झालं ते माहीत नसताना तुम्हीही हसला असता.

तो गवंडी होता, औशाकडच्या एका खेड्यातला. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. गावातल्या दगडमातीच्या रुंद भिंती बहुतेक त्यानंच रचलेल्या. भूकंपात त्या पडल्या. स्वतःच्या हातानं रचलेल्या भिंतीखाली त्याच्या दोन्ही मुली गेल्या. तो आणि बायको अंगणात झोपले होते म्हणून वाचले.

पुढं सरकारनं गवंड्यांना भूकंपात टिकणारं घर बांधायला शिकवलं. कोपऱ्यात उभी सळई, दाराखिडक्यांच्या वर भिंतभर काँक्रीटचा पट्टा. मिस्त्री ते असं शिकला की गावोगाव जाऊन दुसऱ्यांना शिकवू लागला. कुणी पट्टा टाळायचं म्हटलं की थापी खाली ठेवायचा.

"लेकरं हायत का घरात?" एवढंच विचारायचा. मग पट्टा होऊनच जायचा.

मी तेव्हा लातूरला पुनर्वसनाच्या कचेरीत होतो. नियम सोपा होता. जुनं घर ज्याच्या नावावर, त्याला नवं घर. मिस्त्री राहायचा ते घर थोरल्या भावाच्या नावावर होतं. धाकट्याची चूल वेगळी आहे एवढं भावानं लिहून दिलं असतं, तर अर्ज वर पाठवता आला असता. भावानं दिलं नाही. मी अर्जावर 'अपात्र' लिहिलं.

मिस्त्रीला वाचता येत नव्हतं. त्यानं मलाच विचारलं, "काय लिवलं सायब?"

"नियमात बसत नाही."

"हाव," तो म्हणाला. जाता जाता थांबला. "तुमच्या मागं भिंतीला तडा हाय. खुर्ची जरा पुढं घ्या."

भावाचं नवं घर बांधायचं काम त्याच्याकडंच आलं. त्यानं ते इतरांपेक्षा चांगलं बांधलं. मी विचारलं तर म्हणाला, "घराचा काय कसूर, सायब?"

तो स्वतः गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये राहिला. भूकंपानंतर सरकारनं उभारलेली ती शेडं एका पावसाळ्यापुरती होती. बाकीची मोडली, त्याचं वर्षानुवर्षं तसंच राहिलं. उन्हाळ्यात त्याची बायको ओलं लुगडं अंगावर घेऊन दिवस काढायची.

मग लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. नायगाव, भोकरपासून पोरं येऊ लागली. मीही पोरांना खोल्या भाड्यानं द्यायला घरावर दोन मजले चढवायचे ठरवले आणि मिस्त्रीला बोलावलं. तो रोज एसटीनं यायचा. माझं घर त्यानं तळापासून सांधून घेतलं, एक सळई कमी पडू दिली नाही.

काम संपलं त्या दिवशी नळावर हात धूत त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं काही मागितलं.

"खालची एक खोली आमाला भाड्यानं द्या सायब. तिला पत्र्यात सोसंना झालंय."

"खोल्या पोरांसाठी ठेवल्यात, मिस्त्री." भाडं तो देणार होता, तरी मी असं म्हणालो. गवंड्याचं बिऱ्हाड दिसलं तर पालक यायचे नाहीत, असं मला वाटत होतं.

"हाव. शिकणारी लेकरं हायत," तो म्हणाला आणि हात पुसून निघून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात गच्चीवर आणखी दोन खोल्या काढायच्या होत्या, म्हणून मी त्याच्या गावी गेलो. शेड रिकामं होतं. पत्रेही कुणी नेले होते. भाऊ आपल्या ओट्यावर बसला होता. त्यानं मला ओळखलं, उठून चटई टाकली.

"मिस्त्री कुठं आहे?"

भावाला नवल वाटलं. "तुमच्याकडंच की. बोचकं बांधून दोघं गेले. सगळ्या गावाला सांगून गेला, सायबानं खोली दिली म्हणून. त्याची बायकू तर लई खूश होती." मग त्यानं विचारलं, "का? बरा हाय ना तिथं?"

"बरा आहे," मी म्हणालो.